मानसोपचारतज्ज्ञाचं काम आणि घर: जरा तपशिलात बोलूया

कोरा_कागद
मालिकांमधला सायकियाट्रिस्ट एकच काम करतो. मान डोलावतो आणि "मग तुम्हाला काय वाटलं?" विचारतो. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत काय काय होतं, औषध चालू केल्यावर काय मोजतात, कुठे गडबड होते आणि दवाखान्याचं दार ओढून घरी गेल्यावर या माणसाचं काय होतं, हे माहीतगारांनी लिहावं म्हणून हा धागा.

दोन अटी. स्वतःचे किस्से नकोत आणि पेशंटचे तर अजिबात नकोत. नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. दुसरी, "फार संयम लागतो" छापाची वाक्यं नकोत. संयम म्हणजे किती मिनिटं ते सांगा.

निवळशंख
संयम म्हणजे पहिल्या भेटीला ४५ ते ६० मिनिटं, आणि त्यातली पहिली ५ मिनिटं मध्ये न बोलता. ऐकायला सोपं वाटतं. घड्याळ लावून पाहा, दुसऱ्याच मिनिटाला तोंडात प्रश्न येतो.

पण त्याआधी खोली. खुर्च्या समोरासमोर नाही, थोड्या कोनात ठेवायच्या, म्हणजे पेशंटला नजर हलवायला जागा राहते. दाराकडे जाणारी वाट दोघांनाही मोकळी हवी. डॉक्टर आत कोपऱ्यात आणि पेशंट दाराशी बसला, तर प्रसंगी डॉक्टर अडकतो. उलट बसवलं, तर घाबरलेल्या पेशंटला कोंडल्यासारखं होतं. टेबलावर पेपरवेट, कात्री, काचेची फुलदाणी नको. गळ्यात ओळखपत्र असेल तर त्याची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. हाताशी घंटा हवी आणि ती वाजली की कोण येणार हे आधी ठरलेलं हवं. घंटा असते, यायला कोणी नसतं, हा प्रकार सगळीकडे आढळतो.

त्या तासाची वाटणी साधारण अशी होते: तक्रार पेशंटच्या शब्दांत, ती कधी सुरू झाली, झोप-भूक-काम यांवर काय परिणाम झाला, पूर्वीचे आजार, घराण्यात कोणाला काही, दारू-तंबाखू-इतर नशा, चालू असलेली सगळी औषधं. मग मानसिक स्थितीची तपासणी. यात पेशंट सांगतो तो मूड आणि चेहऱ्यावर दिसतो तो भाव वेगवेगळे लिहायचे. "मी मजेत आहे" म्हणताना डोळे भरून येत असतील, तर दोन्ही कागदावर यायला हवं.

नवशिक्यांचं एक ठरलेलं चुकतं. केस पेपरवर "भास आहेत" एवढंच लिहून पुढे जातात. आवाज एक की दोन, ते पेशंटशी बोलतात की आपसात पेशंटबद्दल बोलतात, हुकूम देतात का, हुकूम कसला, आणि आजवर एखादा पाळला गेला का? शेवटचे दोन प्रश्न विचारले नाहीत तर बाकीची नोंद कितीही सुबक असली तरी उपयोगाची नाही.

शेवटची १० मिनिटं मुद्दाम रिकामी ठेवायची. तासभर झोपेबद्दल बोललेला माणूस दाराच्या कडीला हात लावून "आणखी एक सांगायचं होतं" म्हणतो, आणि खरं कारण तेव्हा बाहेर येतं.

अर्धविराम
निवळशंख, नातेवाइकांचं काय? पेशंट म्हणतो "घरच्यांशी बोलू नका" आणि घरचे बाहेर बसलेले असतात.

निवळशंख
गुप्तता सांगण्यावर असते, ऐकण्यावर नाही. पेशंटने मनाई केली तरी नातेवाईक जे सांगतील ते ऐकता येतं. आपण त्यांना काही सांगायचं नाही, इतकंच. "तुमच्या घरचे काही सांगू पाहताहेत, मी ऐकून घेणार आहे" हे पेशंटला आधी सांगून ठेवलं की पुढे संशयाला जागा राहत नाही. जिवाला धोका असेल तर नियम बदलतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या टारासॉफ निकालात म्हटलं की पेशंटकडून ठरावीक व्यक्तीला गंभीर धोका दिसत असेल, तर तिच्या संरक्षणासाठी योग्य ती पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, पण चर्चा इथूनच सुरू होते.

दुभाष्या लागला तर घरातल्या मुलाला बसवू नये. आईच्या आत्महत्येच्या विचारांचं भाषांतर दहा वर्षांच्या पोराकडून करून घेणं हा अन्याय आहे, शिवाय ते भाषांतर खरं नसतं.

मात्रा
निवळशंख यांच्या यादीत एक भर: शरीर. सायकियाट्रिस्ट आधी डॉक्टर असतो हे लोक विसरतात, कधी कधी सायकियाट्रिस्टही विसरतो.

थायरॉईड कमी असेल तर चित्र नैराश्याचं दिसतं, जास्त असेल तर चिंतेचं. बी-१२ ची कमतरता, सोडियम उतरणं, साखर कमी होणं, स्टेरॉईडच्या गोळ्या, मिरगी, मेंदूतली गाठ, यांतलं काहीही "मानसिक" वेशात येऊ शकतं. तीन खुणांना थबकावं: वयाच्या साठीनंतर पहिल्यांदाच आलेली लक्षणं, नजरेला होणारे भास (स्किझोफ्रेनियात कानाचे जास्त), आणि दिवसभरात वरखाली होणारी शुद्ध. सकाळी नीट बोलणारे आजोबा रात्री भिंतीवरचे किडे झटकत असतील तर तो डिलिरियम (शरीराच्या बिघाडाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ) समजून लघवीतला जंतुसंसर्ग, नवीन औषध, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ हे शोधायचं. लक्ष टिकतं का पाहायला महिने उलटे म्हणायला सांगतात. डिसेंबर ते जून येईपर्यंत गाडी घसरली तर आधी रक्त-लघवी पाहा, मग मनाचं.

आणि नैराश्याची गोळी लिहिण्याआधी एक प्रश्न सक्तीचा: सलग चार दिवस किंवा जास्त, कमी झोपूनही दमणूक नाही, बोलणं-खर्च-बेत सगळंच वाढलेलं, असं कधी झालं होतं का? पेशंट नाही म्हणेल, कारण त्याला ते दिवस आजार वाटतच नाहीत. म्हणून हाच प्रश्न घरच्यांनाही विचारायचा. बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) हुकला आणि नुसती नैराश्याची गोळी दिली, तर काही आठवड्यांत उन्माद उसळू शकतो.

कोरा_कागद
मात्रा, औषधांच्या मोजमापावर लिहा ना. लिथियमबद्दल फार ऐकलं आहे.

मात्रा
घ्या. हे लांबेल.

लिथियमचा उन्मादावरचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. औषध जुनं, स्वस्त आणि आजही बायपोलरमध्ये पहिल्या रांगेतलं. अडचण अशी की उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत फार अंतर नाही. कायम चालवायला रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तीव्र उन्मादात १ च्या आसपास किंवा थोडी वर. १.५ च्या पुढे धोका.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी घ्यायचं. म्हणून गोळ्या रात्री आणि रक्त सकाळी, सकाळची गोळी असलीच तर रक्त दिल्यावर. डोस बदलला की ५ ते ७ दिवस थांबून लेव्हल, त्याआधी केली तर आकडा खोटा कमी येतो. स्थिरावल्यावर पहिलं वर्ष दर ३ महिन्यांनी, पुढे बहुतेकांना ६ महिन्यांनी. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉईड आणि कॅल्शियम. कॅल्शियम हमखास राहून जातं.

आता घोळ कुठे होतो. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं. त्यात नमुना घेतला की पेशंट ठणठणीत आणि लेव्हल भलतीच. असा आकडा आला तर घाबरण्याआधी नळी कोणती होती ते विचारा. याच्या उलट आणि जास्त धोक्याचं म्हणजे गुडघेदुखीसाठी दुसऱ्याने लिहिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, रक्तदाबाच्या काही गोळ्या (थायझाइड गटातल्या, 'प्रिल' आणि 'सार्टन' शेवट असलेल्या), जुलाब-उलट्या, कडक उपास, अचानक बंद केलेलं मीठ. या सगळ्यांनी लिथियम शरीरात साचतं. जाडसर थरथर, अडखळती चाल, जड जीभ, उलट्या-जुलाब दिसले की गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी लेव्हल. नुसती बारीक थरथर नेहमीची असते, तिला घाबरायचं नाही. पेशंटला दोनच वाक्यं लिहून द्यावीत: दुखण्यावर पॅरासिटॅमॉल चालेल; जुलाब लागले तर गोळी न घेता फोन करा.

व्हॅल्प्रोएट या बायपोलरमधल्याच दुसऱ्या औषधाबद्दल एवढंच की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देणं शक्यतो टाळतात. गर्भावर परिणाम मोठे आहेत: सुमारे १० टक्के बाळांत जन्मतः व्यंग, ३० ते ४० टक्क्यांत वाढीच्या आणि शिकण्याच्या अडचणी. तिसरं औषध लॅमोट्रिजिन, ते २५ मिग्रॅपासून दोन-दोन आठवड्यांच्या पायऱ्यांनी चढवायचं, व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर निम्म्याने. घाई केली तर अंगावर पुरळ येतं आणि ते जीवघेणं ठरू शकतं. पेशंटने आठवडाभर गोळ्या सोडल्या आणि मग थेट २०० वर परत आला, हे नेहमीचं. पुन्हा २५ पासूनच सुरुवात करावी लागते.

दर्शिका
क्लोझापिनच्या पेशंटला सारखं रक्त द्यायला का बोलावतात? घरचे वैतागतात.

मात्रा
कारण स्किझोफ्रेनियावरचं हे औषध काही थोड्या लोकांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यातून मृत्यू झाले आणि औषध बरीच वर्षं बाजूला पडलं. १९८८ मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात ६ आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के पेशंट सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाने फक्त ४ टक्के. म्हणून ते परत आलं, पण रक्ताच्या अटीवर. पेशी उतरण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून तेव्हा दर आठवड्याला, पुढे अंतर वाढवत महिन्याला. नेमकं वेळापत्रक देशागणिक वेगळं. मधे ताप किंवा घसादुखी आली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त.

पण खरं सांगायचं तर पेशींपेक्षा बद्धकोष्ठाने जास्त घात होतो, कारण पेशींवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि पोटावर कोणाचंच नसतं. आतडी इतकी मंदावतात की अडकून फाटू शकतात. दर भेटीला "पोट कधी साफ झालं?" हा प्रश्न लाज न बाळगता विचारायचा.

आणखी दोन गोष्टी. ४८ तासांहून जास्त गोळ्या चुकल्या तर जुना डोस परत देत नाहीत, १२.५ मिग्रॅपासून पुन्हा चढवतात, नाहीतर रक्तदाब कोसळतो. आणि सिगारेट. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन भरभर संपवतं. पेशंट वॉर्डात भरती झाला, सिगारेट सुटली, की त्याच डोसवर आठवडाभरात पातळी चढते, सुस्ती येते, मिरगीसारखा झटकाही येऊ शकतो. निकोटिनचा पॅच लावून हे टळत नाही, कारण करामत धुराची असते, निकोटिनची नाही.

वाट_पाहे
मात्रा यांना दंडवत. मला अकाथिसियावर बोलायचं आहे, कारण ओळखण्यात सर्वांत जास्त चूक इथे होते. मनोविकाराच्या गोळीने पायांत आतून तळमळ सुटते, माणूस बसू शकत नाही, फेऱ्या मारतो. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला. डोस वाढवतात. तळमळ आणखी वाढते. विचारायचा प्रश्न: "बेचैनी डोक्यात आहे की पायांत? उठून चाललं की बरं वाटतं का?" पायांत असेल तर डोस कमी, किंवा औषध बदल, किंवा दमा नसेल तर प्रोप्रॅनोलॉल. ही तळमळ असह्य होऊन लोकांनी जिवाचं बरंवाईट केलेलं आहे, म्हणून "थोडी बेचैनी राहणारच" असं म्हणून सोडू नये.

उंबरठा
ईसीटीबद्दल, म्हणजे विजेच्या उपचाराबद्दल, कोणीच लिहिलं नाही. सेर्लेती आणि बिनी यांनी १९३८ मध्ये रोममध्ये सुरू केली, त्या काळी भूल नव्हती. सिनेमात अजूनही तेच दाखवतात. आज पेशंट सहा तास उपाशी असतो, भूल दिली जाते, स्नायू सैल करायचं इंजेक्शन, दातांत रबर, प्राणवायू, मग काही सेकंदांचा विद्युतप्रवाह. त्याने येणारा मिरगीसारखा झटका दिसावा म्हणून एक सोपी युक्ती: स्नायूंचं इंजेक्शन देण्याआधी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवतात. औषध त्या पावलात पोचत नाही आणि झटका किती सेकंद चालला ते पाऊल सांगतं. शिवाय मेंदूचा आलेख असतोच. आठवड्याला दोन-तीन, एकूण साधारण ६ ते १२.

झटका तोकडा येत असेल तर आदल्या रात्रीची झोपेची गोळी तपासा. लोराझेपाम गटातली औषधं आणि मिरगीच्या गोळ्या झटका दाबतात. आणि स्मरणशक्तीवर परिणाम होत नाही असं पेशंटला सांगू नका, होतो. उपचाराच्या आगेमागच्या काही आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत. हे आधी सांगून घेतलेली संमती खरी.

दर्शिका
आता अवघड प्रश्न. आत्महत्येबद्दल विचारतात तरी कसं? विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही का?

उंबरठा
नाही जात. याचा पुरेसा अभ्यास झालेला आहे. बहुतेकांना विचारल्यावर हायसंच वाटतं. पायऱ्यांनी जायचं. जगण्याचा कंटाळा येतो का? सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं का? स्वतःला संपवण्याचा विचार? कोणत्या मार्गाने? साधन जवळ आहे का? कधी ठरवलं होतं? मग कशाने थांबलात? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण आधार कुठे आहे ते त्यातून कळतं. प्रश्न नकारार्थी टाकू नये. "तसले विचार तर नाहीत ना?" असं विचारलं की उत्तर "नाही"च येतं.

बऱ्याच ठिकाणी गुण देऊन कमी-मध्यम-जास्त धोका असा शिक्का मारतात. माझं मत त्याच्या विरोधात आहे, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की पुढची आत्महत्या वर्तवण्यासाठी असे तक्ते वापरू नयेत.

निवळशंख
उंबरठा, तक्ता टाकून द्या म्हणणं सोपं आहे. रात्री तीन वाजता थकलेल्या ज्युनिअरला निदान सगळे प्रश्न विचारायची आठवण तक्ता करून देतो. बेरीज करू नका म्हणा, पण कागद असू द्या.

उंबरठा
आठवणीसाठी असू द्या, हरकत नाही. माझा राग बेरजेवर आहे. "कमी" लिहिलं की पुढचा डॉक्टर मजकूर वाचतच नाही.

आकड्याऐवजी सुरक्षा योजना लिहावी. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तयार केलेली सहा टप्प्यांची पद्धत सर्वत्र वापरतात: धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, एकट्याने करता येण्याजोग्या गोष्टी, लक्ष दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, घरातली साधनं दूर करणं. पेशंटच्याच अक्षरात, एका कागदावर, २० ते ३० मिनिटं लागतात. छापील फॉर्म भरून हातात दिला तर तो बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात जातो.

सहावा टप्पा टाळू नका. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या काळात घरगुती गॅसमधला विषारी कार्बन मोनॉक्साइड हळूहळू गेला आणि एकूण आत्महत्याही घटल्या. सगळे दुसऱ्या मार्गाकडे वळले नाहीत. हाच विचार दवाखान्यात वापरायचा: गोळ्या एकदम तीन महिन्यांच्या न देता आठवड्याच्या द्यायच्या, किल्ली दुसऱ्याकडे. नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांचा साठा जास्त घातक, हे लिहून देतानाच डोक्यात हवं. आणि वॉर्डातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक, म्हणून ७२ तासांच्या आत फोन किंवा भेट. दोन आठवड्यांनंतरची तारीख देणं ही खरी चूक.

कोरा_कागद
आणि इतकं करूनही पेशंट गेला तर? डॉक्टरचं काय होतं?

वाट_पाहे
१९८८ मध्ये अमेरिकेत झालेल्या पाहणीत जवळपास निम्म्या सायकियाट्रिस्टांनी आपला किमान एक पेशंट आत्महत्येने गेल्याचं सांगितलं होतं. म्हणजे हे कोणा एकाचं अपयश म्हणून लपवण्यासारखं नाही, या व्यवसायात वाट्याला येतंच. तरी शिकवताना यावर क्वचित बोलतात.

पहिल्या दिवशी काय करायचं ते आधी ठाऊक हवं, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही. बातमीची खात्री. वरिष्ठांना फोन. केस पेपरला हात लावायचा नाही. काही राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून नवीन नोंद, जुन्या नोंदीत एक शब्दही बदलायचा नाही. नंतर घातलेली ओळ ओळखू येते आणि ती एक ओळ बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास घालवते. मग कुटुंबाशी बोलणं, स्वतः, निरोप पाठवून नाही. दुःख व्यक्त करणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे; वकिलाच्या भीतीने गप्प बसलेल्या डॉक्टरवर लोक जास्त चिडतात. मात्र पेशंटने खाजगीत सांगितलेलं मृत्यूनंतरही खाजगीच. अंत्यविधीला घरच्यांनी बोलावलं तरच जावं. वॉर्डात किंवा गटात त्याला ओळखणाऱ्या इतर पेशंटांना त्याच दिवशी सांगावं, त्यांच्यावर लक्ष ठेवावं.

पुढच्या महिन्यांत डॉक्टर दोन टोकांना जातो. एक, दिसेल त्याला भरती करतो. दोन, तो प्रश्न विचारायचाच टाळतो. दोन्ही सहकाऱ्याला बाहेरून लवकर दिसतात, स्वतःला उशिरा. म्हणून काही काळ जोखमीच्या केसेस कोणाबरोबर तरी बोलून ठरवाव्यात.

सांजवेळ
आता घराबद्दल, कारण शीर्षकात आहे आणि कोणी हात लावत नाही.

फोनपासून सुरुवात. कामाचा नंबर वेगळा. रेकॉर्ड केलेल्या निरोपात तीन गोष्टी: फोन कधी उचलला जातो, निरोपाला किती तासांत उत्तर मिळतं, तातडीचं असेल तर कुठे जायचं. अपॉइंटमेंटच्या कार्डावरही हेच. "कधीही फोन करा" म्हणणारा डॉक्टर दयाळू वाटतो, पण रात्री दोनला तो झोपलेला असतो आणि पेशंटला मिळालेलं आश्वासन खोटं ठरतं. सोशल मीडियावर पेशंटची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारायची नाही, नाकारल्याचं पुढच्या भेटीत स्वतःहून बोलायचं. पेशंटचं नाव इंटरनेटवर शोधायचंही नाही, जिवाचा प्रश्न असेल तेवढं सोडून.

घरी काय सांगता येतं? नाव नाही हे सगळ्यांना कळतं. पण "आज एक मुख्याध्यापक आले होते" हेही लहान जागी नावच असतं. सांगता येतं ते स्वतःबद्दल: दिवस जड गेला, अर्धा तास शांत बसायचं आहे. हे जोडीदाराशी आधी ठरलेलं असलं की तो अर्धा तास रुसवा वाटत नाही. बाकीचं सुपरव्हिजनमध्ये (वरिष्ठांबरोबर केसेसवर बोलणं), सहकाऱ्यांच्या गटात. मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी असे गट सुरू केले. आठ-दहा जण, दीड तास, एक जण कागद न बघता केस सांगतो आणि मग मागे सरकून बसतो, बाकीचे बोलतात. विषय आजार नसतो, त्या पेशंटमुळे डॉक्टरच्या मनात काय उमटतं हा असतो. एखाद्याची वेळ जवळ आली की पोटात गोळा का येतो, दुसऱ्याला दर वेळी २० मिनिटं जास्त का दिली जातात, हे तिथे उलगडतं.

आता घरातली सर्वांत मोठी तक्रार. दिवसभर तटस्थ राहून प्रश्न विचारायची सवय घरी नेली तर जोडीदार कावतो. भांडणात "तुला असं का वाटतंय?" हा प्रश्न नसतो, पळवाट असते. समोरच्याला तुमचं मत हवं असतं, रागावलेलं का असेना. "मला केस समजू नकोस" हे वाक्य या व्यवसायातल्या किती घरांत ऐकू येतं!

अर्धविराम
आणि नातेवाईक लग्नात बाजूला घेऊन गोळी विचारतात, तेव्हा?

सांजवेळ
गोळी सांगायची नाही. घरच्या माणसाला दारू, लैंगिक तक्रारी, मरणाचे विचार हे विचारता येत नाहीत, विचारले तर खरं उत्तर येत नाही, आणि नंतर लेव्हल-तपासणी कोणी पाहत नाही. दोन सहकाऱ्यांची नावं द्यायची, हवं तर पहिल्या भेटीला सोबत जायचं. टीव्हीवरच्या पुढाऱ्याचं निदान विचारलं तरी हेच. तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत देऊ नये, हा अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या संघटनेचा १९७३ चा गोल्डवॉटर नियम जगभर पाळण्यासारखा आहे.

रस्त्यात पेशंट दिसला तर आधी त्याने ओळख दाखवायची. त्याने नजर वळवली तर आपणही.

दर्शिका
भेटवस्तू?

निवळशंख
सरसकट नाही म्हणावं. एकाची घेतली, दुसऱ्याची नाकारली, की हिशेब सुरू.

सांजवेळ
इथे मतभेद. उपचार संपताना कोणी स्वतः काढलेलं चित्र दिलं आणि ते परत केलं, तर महिनोन्‌महिने बांधलेलं एका मिनिटात मोडतं. घ्यावं, आणि केस पेपरवर नोंद करावी. महाग वस्तू, रोख पैसे, उपचाराच्या मध्यावर अचानक आलेली भेट, हे नाकारावं आणि "आजच का?" हे विचारावं. नोंद करायला लाज वाटेल अशी वस्तू घ्यायची नाही.

वाट_पाहे
वेळापत्रकावर थोडं. सविस्तर मानसोपचाराचं सत्र ५० मिनिटांचं, कारण उरलेली १० नोंदीसाठी. अशी पाच-सहा सत्रं दिवसाला पुरे. सातव्यात माणूस ऐकत नाही, ऐकल्याचा चेहरा करतो. दोन तीव्र आघाताच्या केसेस लागोपाठ लावू नयेत. दिवसाची शेवटची वेळ नव्या पेशंटला देऊ नये, कारण नेमकी तीच लांबते आणि भरतीची धावपळ रात्री होते. नोंदी त्याच दिवशी, तिथेच.

मात्रा
आणि स्वतःसाठी औषध लिहायचं नाही. झोपेची गोळी तर नाहीच. या गोळ्या २ ते ४ आठवड्यांसाठी असतात हे आपण दुसऱ्यांना सांगतो. स्वतःला लिहिली की ती मुदत कोणी मोजत नाही, आणि सोडायची वेळ आली की दर दोन आठवड्यांनी ५ ते १० टक्के असं कमी करत महिने जातात. सायकियाट्रिस्टला स्वतःचा फॅमिली डॉक्टर हवा, शक्यतो रोजच्या कामात गाठ न पडणारा. नैराश्य आलं तर आपल्याच विभागात कोणाकडे जायचं या संकोचात वर्ष निघून जातं, म्हणून दुसऱ्या गावातलं नाव आधीच हेरून ठेवावं.

कोरा_कागद
शेवटचा प्रश्न. महिनाभर रजा घ्यायची तर पेशंटांचं काय करतात?

सांजवेळ
चार आठवडे आधी प्रत्येकाला तोंडी सांगायचं, दारावर पाटी लावून भागत नाही. ज्यांना कोणी सोडून गेल्याची जखम आहे त्यांना आणखी आधी, आणि परतण्याची तारीखही सांगायची. बदली डॉक्टरांना एक पान पुरतं: अलीकडे जोखमीत असलेले, क्लोझापिन आणि लिथियमवरचे आणि त्यांच्या रक्ताच्या तारखा, महिन्याच्या इंजेक्शनवरचे, डोस बदलत असलेले. नवीन औषध रजेच्या आदल्या आठवड्यात चालू करू नये. पहिल्या पंधरा दिवसांत तळमळ, पुरळ, बेचैनी जे काही व्हायचं ते तेव्हाच होतं. बदली डॉक्टरांची वेळ पेशंटच्या हातात लिहून द्यायची.

मात्रा
इंजेक्शनवाल्यांत ओलान्झापिनचं डेपो (हळूहळू सुटणारं इंजेक्शन) असेल तर ते पानावर ठळक लिहा. सुई दिल्यावर ३ तास नजरेखाली बसवावं लागतं, क्वचित औषध एकदम रक्तात उतरून पेशंट गुंगतो. बदली डॉक्टरांकडे तेवढी जागा आणि माणूस नसेल तर ती तारीख रजेच्या आधी किंवा नंतर बसते का ते पाहा.

सांजवेळ
बरोबर, ते राहिलं होतं. परत आल्यावर पहिल्या दिवशी अपॉइंटमेंट निम्म्याच घ्यायच्या, सकाळचा पहिला तास बदली डॉक्टरांच्या नोंदी वाचायला, आणि त्या काळात कोण आलं नाही त्यांना आधी फोन.